कपिलेचा चीक

बेटेगाव, सोमवार, भाद्रपद १९६५

हात अजून चिकट आहेत, पण लिहिणारच! दुपारी आमची कपिला गाय व्याली. "वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाय, वार आत अडकते," सासूबाईंनी बजावलं. मागची दोन्ही वासरं अशी वाट बघतच खंगली. माहेरी एडवणला बाबा तर वासरू उठलं की लगेच पाजायचे. सासूबाई आत वळल्या आणि मी वासराच्या तोंडात सड दिला. काय ओढत होतं! एवढी धीट कशी झाले मी? सासूबाई खूप ओरडल्या. पण तासाभरात वार आपोआप पडली!

संध्याकाळी शेजारीण खरवसाच्या आशेनं भांडं घेऊन आली. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "पयला चीक वासराचा. आमच्यात तशीच रीत हाय!"

रीत! दुपारपासूनची.