वारा पडलेल्या सकाळी

बाबा, तुम्ही ज्या राइस मिलमध्ये जन्मभर मुनीम होता, तिच्या नव्या बॉयलरचा धूर कुठवर पसरेल हे कम्प्युटरवर मांडायचं काम यंदा माझ्याकडे आलं. नागपूरच्या ऑफिसात मी हेच करते. वाऱ्याची दिशा, वेग, हवेचं तापमान, चिमणीची उंची भरायची, की मॉडेल नकाशावर धुराचे पट्टे काढतं आणि त्यावरून पर्यावरणाचा अहवाल बनतो. फाइलवर आपल्या वारासिवनीचं नाव वाचून मला आधी आनंद झाला होता. त्या आनंदाचीच आता किळस येते.

या मॉडेलची एक खोड आहे. वारा अगदीच पडला, की त्याचं गणित चालत नाही. ते तास ते सरळ गाळून टाकतं. आणि आपल्याकडे हिवाळ्यात धूर बसतो तो नेमका तेव्हाच. पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत पान हलत नाही आणि मिलमध्ये जळालेल्या भुशाची राखड अंगणात उतरत राहते. माझ्या लहानपणी अशाच एका सकाळी आईनं खाटेवर वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या काळ्या झालेल्या. ती सुपात भरून त्या तुमच्यापुढे आणते. तुम्ही चहा पिताय. वर न बघता म्हणता, "मिलचं खाऊन मिललेच नावं ठेवते काय तू? धुऊन घे." वड्या कुठं धुतात का! पण ती सूप उकिरड्यावर रिकामं करून येते आणि तुम्हाला आणखी चहा देते. दारात उभ्या उभ्या मी मनातून तुमचा राग राग केला. पुढं त्याच पगारावर शिकले, हे वेगळं.

ते गाळलेले तास धरून चालणारं दुसरं मॉडेलही असतं. मी ते घरी चालवून पाहिलं, तर नकाशावर आपली अख्खी गल्ली धोक्याच्या रंगानं लालभडक झाली. साहेबांना दाखवलं. ते हसले, म्हणाले, नियमात बसतं तेच वापरायचं, आणि आपल्या अहवालात खोटं एक अक्षर नाही. खरंच नाही. त्यानंच शिसारी येते. मी सही केली. अहवाल गेला, पुढच्या आठवड्यात बालाघाटला बॉयलरच्या परवानगीसाठी जनसुनावणी आहे.

काल आईचा फोन आला. तुम्ही गेल्यावरही ती अजून तिथंच राहते. छातीत घरघर चालू, तरी लेकीनं मिलचा अहवाल केला म्हणून हरखून गेलेली. म्हणाली, "साऱ्या गल्लीले सांगतलं मी, माह्या पोरीनं कम्प्युटरवर पाह्यलं, हवा चांगली हाय. आता सकायी खिडक्या उघड्या ठेवल्या तं चालन नं?"

मी म्हटलं, नको, तू बंदच ठेव.

तिनं मग विचारलं, "मंग बाकीच्यायले काय सांगू?"

त्यांना आत्ताच काही सांगू नको, म्हटलं. सुनावणी होऊन जाऊ दे.

हे मी तिला वाचून दाखवणार नाही, कुणालाच नाही. लिहायला बसले होते ते तुमच्यावर चिडून. पण खरं सांगते बाबा, तिला तसं सांगताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.