लष्करी ट्रकातला पलंग

१२ नोव्हें., बुध
ट्रक आला. सैन्याच्या लिलावातला, यंदाचा तिसरा. बडनेऱ्याच्या आमच्या शेडचं फाटक एवढं रुंद, तरी भाऊजींनी आत घेताना आरसा घासलाच. हिरवा रंग, खरवडला की खाली आणखी हिरवा. मागची ताडपत्री फाटकी. याचं फिरतं घर करायचंय. आत पलंग, ओटा, बेसिन, बाजूला खिडक्या. गिऱ्हाईक अकोल्याचे रिटायर डॉक्टर आणि त्यांची बायको. गाद्या, पडदे, रेक्झिन माझ्याकडे.
आज मागे चढले नाही. पाय दुखतो म्हटलं. कोणता, ते कुणी विचारलं नाही हे बरं.

१३, गुरु
सकाळी भाऊजी ट्रकखाली. इंजिन नाही, चेसिस नाही, आधी ब्रेक. चाकं उतरवली, ड्रम उघडले, पाइप बोटांनी चाचपत बसले. आधीच्या दोन्ही ट्रकांचं असंच. ब्रेकचं काम नंतरही होतं, हे शिलाई मशीनवालीलासुद्धा कळतं.
विचारायची गरज नाही. अकरा वर्षांपूर्वी यांचा, माझ्या नवऱ्याचा, सैन्यातला ट्रक, असाच, वर पहाडात दरीत गेला. हे चालवत होते. हे गेले आणि मागे बसलेले दोघे गेले. चौकशीच्या कागदात लिहिलंय, चालकाला झोप लागली. भाऊजी मानत नाहीत. प्रकाश भाऊजी यांचे धाकटे भाऊ, स्टिअरिंग धरायला यांच्याकडूनच शिकलेले. दर वेळी एकच वाक्य, "भाऊ झोपनारा मानूस नवता वहिनी. ब्रेकच गेले असतीन."
आजचा पाइप धड निघाला. भाऊजी दुपारी जेवले नाहीत. शोभाने, माझ्या जावेने, डबा तसाच परत नेला.

१७, सोम
चढले शेवटी. माप दुसरं कोण घेणार.
आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. माणसं बसून बसून फळीला खळगे पडलेत. सहा इकडे, सहा तिकडे. हात फिरवला तर ओट्यासारखं गुळगुळीत. तेलाचा वास, आणि त्याखाली लोकरीचा, घामाचा. हा तो ट्रक नाही, मला माहीत आहे. तो केव्हाच भंगारात गेला असेल. माझं डोकं ठिकाणावर आहे.
संध्याकाळी भाऊजी कागद घेऊन आले. पलंग तीन फुटांचा कसा लिहिला? डॉक्टर नवरा-बायको काय एकावर एक झोपतील? हसले. मग मी जाऊन पुन्हा पाहिलं. बाकं निघणार आहेत, माप भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्यायचं, मीच ठरवलेलं. आणि मी मोजलं होतं फक्त मधलं. बाकं सोडून, समोर पसरलेले पाय सोडून. कोणाच्या गुडघ्याला टेप लागू नये म्हणून अंग चोरून उभी होते, ते आत्ता आठवतंय.

१९, बुध
डॉ. आणि डॉ. बाई येऊन गेले. माणसं चांगली. पडद्याला पिवळ्या फुलांचं कापड पसंत. पहिला प्रवास लडाख. डॉ. बाई बाकावर बसून म्हणाल्या, किती जवान बसले असतील नाही हो इथे. एका फळीचा चहाचा ट्रे करून द्या म्हणाल्या, आठवण म्हणून. भाऊजी हो म्हणाले.
आठवण कोणाची, ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं. धंदा आहे.

२३, रवि
भाऊजींनी अर्ज आणला. एका रिटायर सुभेदाराकडून लिहून घेतलाय, तीन पानी. चौकशी पुन्हा उघडावी, गाडीचे ब्रेक तपासले होते का ते दाखवावं. पत्नीची सही लागते. म्हणाले, मनूच्या लग्नाचं निघेल तेव्हा तिच्या बापाच्या नावावर झोप नको. मनू, माझी मुलगी, अकोल्याला कृषीच्या कॉलेजात आहे, लग्नाचं नावसुद्धा काढू देत नाही. पण त्यांचं खरं आहे. दोन माणसं मारली असं ते एक वाक्य म्हणतं.
चष्मा सापडत नाही म्हटलं. चष्मा डोक्यावर होता. भाऊजींनी पाहिला, अर्ज टेबलावर ठेवून गेले.

२४, सोम
लिहूनच टाकते. एकदा कुठेतरी असायला हवं.
आदल्या रात्री फोनवर मी होते. पहाटे यांच्या गाड्या निघायच्या होत्या. मला वेगळी चूल हवी होती. भाऊजी, शोभा, अंगणभर ऑइलचे डबे, स्वयंपाकघरात कोणाचेही मित्र. अकोल्यात माहेराजवळ दोन खोल्या घ्या, नाहीतर सुट्टीत याल तेव्हा मी इथे नसेन, असं म्हटलं. हे म्हणाले, झोपू दे मले. तीनदा म्हणाले. मी फोन ठेवू दिला नाही. त्यांनी ठेवला की मी लावायचे. साडेतीनपर्यंत.
कोणी मला विचारलं नाही. चौकशीवाल्यांनी नाही, भाऊजींनी नाही. आणि ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं होतं, त्यांनीच मला शेडच्या बाजूला खोली बांधून दिली, मशीन घेऊन दिली, मनूला शिकवलं.
सही केली तर खोटी. नाही केली तर कारण द्यावं लागेल.

२८, शुक्र
बाकं निघाली. पलंगाची चौकट बसली. गादीचे तीन भाग, खाली उघडायला पेटी. रेक्झिन राखाडी.
आत एकटी शिवत असते तेव्हा कोणीतरी सरकून जागा करून देतं असं वाटतं. भीती नाही वाटत. लाज वाटते. यांच्याबरोबर गेलेले ते दोघं कोण होते, नावंही मी एकदाच वाचली. एक जण तेवीस वर्षांचा.

२ डिसें., मंगळ
भाऊजींनी अर्जाचं पुन्हा काढलं. कापड कापते आहे म्हटलं. परवा काय म्हटलं होतं आठवत नाही. माझी बहाणेबाजी गावाला कळावी अशी. शोभा म्हणाली, करून टाका ना सही, ते रातरात छताले पाहत बसतात.
पडदे झाले. पिवळी फुलं त्या पत्र्यावर विचित्र दिसतात, पण डॉ. बाईंना आवडतील.

७, रवि
परवा घाट.
आमच्याकडची रीत. गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी चिखलदऱ्याला वर नेऊन खाली आणायची. ज्याने आत काम केलं त्याने आपल्या कामापाशी बसायचं, हातात खडू. कुठे कुरकुरलं, कुठे खडखडलं, तिथे खूण. आणि कुठून आवाज येतोय ते सोडून गाडीत कोणी दुसरं काही बोलायचं नाही. मागच्या दोन गाड्यांच्या वेळी मी तापाचं निमित्त काढलं होतं. या वेळी वेल्डर गावी गेलाय, सुतार पुढच्या कामाला. आत मीच.

९, मंगळ
स. सहाला निघालो. परतवाड्यापर्यंत ठीक. चढताना ओट्याचं दार वाजलं, खूण केली. खिडकीची पट्टी, खूण केली. भाऊजी पुढे एकटे. केबिनच्या मागे छोटी सरकती खिडकी ठेवलीय, डॉ. बाईंनी चहा पुढे द्यायला.
वर थांबलो, चहा घेतला. थंडी. भाऊजी खुशीत, म्हणाले काम पक्कं झालं वहिनी.
उतरताना मी पलंगावर, पाठ पत्र्याला. प्रत्येक वळणावर अंग एकीकडे जायचं. माझं एकटीचं नाही असं वाटत होतं. बाराच्या बारा जणांचं. त्यांना खिडक्या नव्हत्या, ताडपत्री होती, कुठे चाललोय ते दिसतही नसेल. पुढे चालवणाऱ्यावर सोडून बसले असतील. झोपलेही असतील.
खिडकी सरकवली.
"भाऊजी, ते झोपलेच होते."
"आवाज कुठून येऊन राह्यला ते सांगा."
"ब्रेक नवते गेले. आदल्या राती मी फोनवर होती. साडेतीन वाजेलोक. त्याइले मी झोपूच नाई देलं."
भाऊजींनी मागे पाहिलं नाही. ब्रेक मारला नाही. गिअर खाली टाकला, आणि गाडी अशी हळू आणली की मागून आलेली एसटी हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेली. परतवाड्याला उतरून तोंड धुतलं, नळ बंद करायचा राहिला. घरी आल्यावर पाहिलं, खडूचा माझ्या मुठीत चुरा.

१०, बुध
खुणा दुरुस्त केल्या. भाऊजींनी ओट्याचं दार स्वतः बसवलं. माझ्याकडे पान्हा मागितला नाही, उठून घेतला.
हाकलतील असं वाटतं. हाकलायलाच हवं. मनूला काय सांगू, हा एकच विचार. झोप नाही, आणि झोप नाही म्हणून तक्रार करायचं तोंड मला नाही.

११, गुरु
डॉ. गाडी घेऊन गेले. डॉ. बाईंनी मला मिठी मारली. चहाचा ट्रे फार सुरेख झालाय म्हणाल्या.
अर्ज टेबलावर नव्हता. फाडला की ठेवला, माहीत नाही.

१३, शनि
दु. मशीनवर होते. भाऊजी आले, डबा उलटा घालून बसले. दाढी वाढलेली. बराच वेळ माझ्या हातातलं कापड बघत होते. मी मनात सामान बांधत होते.
मग म्हणाले, त्या महिन्यात त्यांचं आणि भाऊचं बोलणंच झालं नव्हतं. भाऊचा फोन आला तेव्हा ते गाडीखाली होते, मग करतो म्हणाले, आणि राहून गेलं. अकरा वर्षं तेच डोक्यात. शेवटचं काय बोलला असता.
"तुमी तर घंटे-घंटे बोलले वहिनी. मले सांगा ना, काय म्हने तो?"
रागावलेला माणूस असं विचारत नाही. भुकेला माणूस विचारतो.
मी म्हटलं, असंच, घरचं.
"माहं नाव निंगालं का?"
निघालं म्हटलं. खोटं नाही ते. यांचं वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे, शेवटच्या फोनमधलं. प्रकाशला सोडून मी वेगळा होणार नाही, तू काय करायचं ते कर. भाऊजींना ते ऐकायला मिळालं तर त्यांचा जन्म सुखात जाईल. आणि ते वाक्य कशाचं उत्तर होतं, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही.
त्यांचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता.
"काय म्हने?"
दोरा संपला होता. उद्या सांगते म्हटलं. उद्या रविवार, शेड बंद. भाऊजी उठले, म्हणाले बरं, उद्या निवांत बसू.