डावीकडच्या बाईचं ताट

ती. वन्सं यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. (पूर्ण वाकले असते, पण मग उठवायला तुमच्या बंधूंना हाक मारावी लागते, आणि ते एकदा पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले की घराला आग लागली तरी आधी चहा झाला का विचारतील.) तुमची तब्येत कशी आहे? पाय, पाठ, झोप, सगळ्याचं सविस्तर कळवावं. डोळ्यांचं मात्र मी विचारत नाही. मागच्या खेपेस विचारलं, तर सूनबाईच्या अक्षरात तुमचं उत्तर आलं की डोळे ठणठणीत आहेत, हात दुखतो म्हणून तिला लिहायला बसवलं. बरं. तुम्ही विणून पाठवलेले मोजे पोचले. निळा फार सुंदर आहे. हिरवाही सुंदर आहे. तुमच्या बंधूंनी तेव्हाच्या तेव्हा पायात चढवले.

पत्रास कारण काय ते शेवटी येईल, आधी जेवणाचं बोलू. मी दर बुधवारी दुपारी हॉटेलात जेवते हे तुमच्या कानावर गेलं आणि घरात धडधाकट चूल असताना ही काय नवी थेरं, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही रागावला नसतात तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. मागेच उत्तर द्यायचं होतं, पण मध्यंतरी आमच्या त्या टेबलावर असं काही घडलं की हातात पेन धरवेना. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून पहिल्यापासून सांगते.

या शहरात आम्ही आलो तेव्हा मला ओळखणारं इथे कोणी म्हणजे कोणी नव्हतं. जिन्यात माणसं भेटत, पण ती किल्ल्या शोधण्यात गढलेली. मी आपली खाली दुकानाच्या एका कोपऱ्यात मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करत बसायची. (इथे सगळ्यांच्या पँटी लांब का असतात ते मला अजून कळलेलं नाही.) एका बुधवारी गॅस संपला आणि तुमच्या बंधूंनी फर्मावलं, जा, कुठेतरी खाऊन ये, मला पाव आण. कोपऱ्यावर कुलूपवाला आणि लाँड्री यांच्या मधल्या फटीत एक हॉटेल आहे. आत शिरायचं तर पोट आत घ्यावं लागतं आणि बाहेर पडताना ते जमत नाही. टेबलं इतकी जवळजवळ की आपली बाही दुसऱ्याच्या सूपमध्ये जाते आणि त्यावरून ओळखी होतात. गर्दीच्या वेळी मालक एकटं बसू देत नाही, जिथे खुर्ची रिकामी तिथे टेकवतो. मला टेकवलं ते तीन अनोळखी बायकांच्या टेबलावर, ज्यांनाही त्याने असंच कुठून कुठून आणून टेकवलं होतं. वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याने केलेलं, दुसऱ्याने वाढलेलं, गरम असताना आणि बसून जेवले. जेवण झाल्यावर सवयीने ताट उचललं आणि घासायला आत गेले. तिथला वाढपी (मिशाळ गृहस्थ आहे, ताडासारखा, आम्ही त्याला लांब्या म्हणतो) मला खांद्याला धरून परत जागेवर घेऊन आला. त्या तिघी एवढ्या हसल्या की पुढच्या बुधवारी मी न गेले तर हसायला काय उरेल, असं मला वाटलं. म्हणून गेले.

त्या तिघी म्हणजे एक हेडबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजून आहेत असं त्यांना वाटतं. दुसरी टपालताई, टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात जन्म गेला, कुणाचंही आडनाव ऐकलं की गल्ली सांगते. आणि तिसरी पाववाली. तिची स्वतःची बेकरी होती, आता मुलगा बघतो. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि भूक विचारूच नका. तिने पावाचा तुकडा मोडला की शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही भूक लागायची.

आमच्या टेबलाचे दोन नियम, दोन्ही हेडबाईंचे. पहिला, स्वतःसाठी कोणी मागवायचं नाही, आपल्या डावीकडच्या बाईसाठी मागवायचं. हेडबाईंचं म्हणणं, बायका स्वतःसाठी मागवायला बसल्या की सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत थोडं मागवतात, आणि मग दुसरीच्या ताटात बघत बसतात. हे खरं आहे. माझ्या डावीकडे पाववाली, त्यामुळे तिचं पोट माझ्या हवाली. दुसरा नियम, हात धुऊन बाहेर पडेपर्यंत आजारपणाचा शब्द काढायचा नाही. चार म्हाताऱ्या एकत्र बसल्या की जेवणाचा दवाखाना होतो, म्हणून. हाही नियम तेव्हा आम्हाला फार शहाणपणाचा वाटला होता.

तर थंडीच्या सुरुवातीला मी पाववालीला एक कोट शिवून दिला. माझं माप कधी चुकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे (तुमच्या लग्नातली ती चोळी सोडली तर. तेव्हा मी या घरात नवी होते). पण महिनाभरात कोट खांद्यावरून उतरायला लागला. मी मनातल्या मनात खजील झाले, कोट घरी नेला, कडेने आत घेतला. थोड्या दिवसांनी पुन्हा ढगळ. पुन्हा आत घेतला. रात्रभर... नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ मी टेपच तपासत बसले, म्हणजे टेपच ताणली गेली की काय. नवी टेप आणली. वन्सं, टेप बदलली, कात्री धार लावून आणली, चष्मा पुसला, पण बाईच बारीक होतेय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. शिंप्याला कोट दिसतो, आतलं माणूस दिसत नाही.

मग ती जेवेनाशी झाली. मी मागवायचं, तिने चमच्याने इकडचं तिकडे करायचं आणि ताट हळूच हेडबाईंकडे सरकवायचं. आम्ही तिघींनी तिच्या माघारी बसून खल केला. माझी खात्री, ती माझ्या कोटावर नाराज आहे. हेडबाईंची खात्री, त्यांनी तिच्या बेकरीच्या पाटीवरचं लेखन चारचौघांत सुधारलं होतं, त्याचा राग. टपालताईचं म्हणणं, मुलगा काही बोलला असेल, मुलं बोलतातच. एकीलाही तब्येतीचा संशय आला नाही, कारण तो विषयच आमच्या टेबलावर बंद होता. बंद म्हणजे किती बंद, तर मनातसुद्धा.

शेवटी ठरलं की रुसवा जेवणानेच काढायचा. त्या बुधवारी आम्ही नियम मोडून तिघींनी तिच्या एकटीसाठी मागवलं. मी कांद्याचं सूप, टपालताईने तळलेला मासा, हेडबाईंनी बटाटे, भरपूर लोणी घालून. लांब्याला आधीच फितवलं होतं, त्याने पाव गरम करून फडक्यात गुंडाळून आणला. पाववाली पांढरीफटक. नको म्हणते, हात जोडते, घड्याळाकडे बघते. तिने जितकं नको म्हणावं तितकं आम्हाला वाटावं, राग किती खोल आहे बघा!

“अगं, खा ना, माफी मागते मी, पाटी तुझी बरोबर होती,” हेडबाई म्हणाल्या. (त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला त्यांचे यजमान हयात हवे होते.)

“पाटीचं काय घेऊन बसलात!” पाववाली म्हणाली.

“मग कोटाचं असेल,” मी म्हटलं. “कोट मी नवा शिवून देते.”

तेवढ्यात गल्ल्यावरून मालक स्वतः उठून आला, हातात अंड्याचं कस्टर्ड, वरून जळकी साखर, आणि म्हणाला, “ताई, माझ्या हातचं आहे. एक चमचा. नाहीतर मी हॉटेल बंद करतो.” आजूबाजूच्या टेबलांवरून लोक ‘खा, खा’ करायला लागले. आता एवढ्यांचं मन मोडायचं म्हणजे काय? तिने एक चमचा घेतला. मग डोळ्यांतून धारा, आणि धारांबरोबर सूप, मासा, बटाटे, पाव, सगळं. कितीतरी दिवसांची उपाशी होती बिचारी. आम्ही तिघी विजयी चेहऱ्याने एकमेकींकडे बघतोय, आणि शेवटचा घास गिळून ती म्हणाली, “आता गप्प बसा आणि ऐका. मला आत्ता इथून हॉस्पिटलात जायचंय. पोटात दुर्बीण घालणार आहेत. रिकाम्या पोटी बोलावलंय.”

वन्सं, त्या क्षणी मालकाने कस्टर्डची वाटी उचलली आणि पाठीमागे लपवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोटात दुखत होतं, अन्न जात नव्हतं, डॉक्टरांनी नको त्या आजाराची शंका काढली होती. घरी मुलाला सांगितलं तर तो घाबरेल, आणि इथे सांगायचं तर नियम. बुधवार चुकवला तर आम्ही विचारू, म्हणून पोट उपाशी ठेवून ती आमच्यासमोर ताटावर येऊन बसली होती, आमच्यासाठी. हेडबाई उठल्या, पर्स काखेत मारली आणि वर्गाला म्हणावं तसं म्हणाल्या, “चला.” आम्ही चौघी हॉस्पिटलात. तिथली नर्स चांगली हसतमुख पोरगी, तिने विचारलं शेवटचं काय खाल्लं आणि कधी. हेडबाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सूपपासून कस्टर्डपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, लोण्यासकट. नर्सने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे हॉटेल कुठे आहे?

तपासणी आठवडाभर पुढे गेली. पुढच्या बुधवारी आम्ही चौघी उपाशी पोटी तिथल्या बाकावर. (तिघींनी उपाशी राहायची काही गरज नव्हती. टपालताई थोड्या वेळाने ‘जरा वारा खाऊन येते’ म्हणून गेली आणि ओठावर बिस्किटाचा चुरा घेऊन परत आली.) दुर्बीण घातली, काढली, आतला इवलासा तुकडा तपासायला पाठवला, आणि सांगितलं, वाट बघा. ते वाट बघणं कसं गेलं ते लिहीत नाही. मी त्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्याच्या पुढच्या बुधवारी आम्ही तिघी हॉटेलात आधीच जाऊन बसलो. पाणीसुद्धा पीत नव्हतो. लांब्या उगाच तेच टेबल पुसत उभा, मालक पैसे मोजायचं सोडून दाराकडे बघत. पाववाली आली. पोट आत न घेता आली, ते आता घ्यावं लागतच नव्हतं. कोट काढून खुर्चीला अडकवला, बसली, रुमालाने चष्मा पुसला, आणि माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, “काय गं, माझ्यासाठी काय मागवतेयस? पोटात कावळे ओरडतायत.”

अल्सर होता. साधा, जुना, औषधाने जाणारा. बाकी काही नाही. हेडबाई रडल्या, ते आम्ही बघितलं नाही असं ठरलं आहे. मी तिच्यासाठी मऊ भात आणि पातळ सूप मागवलं, आणि मग सगळ्यांनीच तेच खाल्लं. एवढं बेचव आणि एवढं गोड जेवण मी कधी जेवले नव्हते.

दुसरा नियम आता बदललाय. सूप येईपर्यंत दुखणी, सूप आलं की बंद. हेडबाई ग्लासवर चमचा वाजवतात. पहिल्याच दिवशी कळलं की त्यांना स्वतःला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्या समोरच्याला बोलूच देत नव्हत्या. टपालताईचा गुडघा गेलाय. आणि माझी साखर थोडी वर आहे, त्यामुळे कस्टर्ड आता चौघींत एक. कोटाच्या शिवणीत मी जादा कापडाची भरपूर माया सोडली होती, आत घेताना कापली नव्हती, ती आता हळूहळू उसवतेय. पाववाली दर बुधवारी मापाला उभी राहते, आणि टेप पुढे सरकली की लांब्यासुद्धा टाळ्या वाजवतो.

तेव्हा, वन्सं, ही अशी थेरं आहेत. रागावणार असाल तर जेवून रागवा. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. तुमच्या बंधूंचा नमस्कार. (झोपेतच मान हलवली, तो नमस्कार समजावा.)

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मोज्यांबद्दल तुमच्या बंधूंना अजून काही लक्षात आलेलं नाही. पण लाँड्रीवाल्याच्या लक्षात आलं.

ता. क. दुसरा. कारण शेवटी येईल म्हटलं होतं ना, ते हे. हॉस्पिटलच्या त्याच नर्सकडून मी डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे, तुमच्या नावाने. त्याला उपाशी राहावं लागत नाही, मी विचारलंय. दुसऱ्या दिवशी बुधवार. मालकाने पाचवी खुर्ची आणून ठेवली आहे, ती माझ्या आणि पाववालीच्या मध्ये मावते, म्हणजे तुम्ही माझ्या डावीकडे. तुमच्यासाठी काय मागवायचं ते मी ठरवून ठेवलंय.

ता. क. तिसरा. सूनबाई, हे तू वाचून दाखवते आहेस हे मला ठाऊक आहे. ही ओळ मोठ्याने वाचू नकोस. त्यांची बॅग भर, सोमवारच्या गाडीत बसव, आणि विणकामाच्या सुया घरीच ठेव.

ता. क. शेवटचा. वन्सं, वरची ओळ तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचली असेल, तर मी सगळं मागे घेते, मोजेही एकाच रंगाचे होते म्हणते, आणि कान धरून माफी मागते. जेवायला मात्र तरीही या.