तळावर तीन थापा

४ मार्च, मंगळवार

शेपूट हाताला लागलं नाही, त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधी होता तो मी. आता हे कोण लिहितंय, माहीत नाही.

डोकं खाली, पाय वर, होडी पाठीवर कासवाच्या कवचासारखी. पाणी हिरवं, गढूळ. कयाक उलटली की काय करायचं, हे मीच लोकांना शिकवतो – रोज, काठावर, छाती फुगवून! कमरेला रबरी झगा असतो. त्याची कड होडीच्या तोंडाला घट्ट बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. कडेला समोर पट्ट्याचं एक कडं. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. उलटलात? घाबरायचं नाही. पुढे वाका, शेपूट ओढा, झगा सुटेल, पाय काढा, वर या. ‘लहान पोरंसुद्धा करतात हो, काकू.’

माझं शेपूट झग्याच्या खाली दुमडून आत राहिलं होतं. चाचपत होतो. नुसतं रबर. गुळगुळीत.

मग खंड्याने, माझ्या जोडीदारणीने, स्वतःच्या होडीतून ओणवं होऊन माझ्या होडीची पलीकडची कड धरली आणि माझ्यासकट होडी सुलटी केली. खंड्या हे तिचं नाव नाही. निळं जाकीट घालून त्या पक्ष्यासारखी डोकं खाली करून सूर मारते, म्हणून मी ठेवलेलं. मी खोकत होतो. तिचा चेहरा पांढराफटक. 

मी साधे आभारसुद्धा मानले नाहीत!

५ मार्च

अंघोळीला डोक्यावर पाणी घेता येत नाही. खांद्यापर्यंत ठीक. त्याच्या वर तांब्या नेला की श्वास अडकतो. बराच वेळ नुसता उभा होतो. ताईने दार ठोठावलं – ‘बुडालास की काय रे?’ आणि लगेच पावलं लांब गेली. जीभ चावली असणार.

जेवताना भावजी म्हणाले, ‘पाण्यासाठी दुसरंही कॉलेज सोडलंस, आता कॉलेजसाठी पाणी सोड. हिशेब पूर्ण.’ ताईने त्यांना डोळ्यांनी दटावलं. मी ताट सरकवून उठलो. नेहमीप्रमाणे.

६ मार्च

तलावावर गेलो नाही. झोपलोही नाही.

७ मार्च, शुक्रवार

निघण्याआधी जोडीदाराने तुमच्या शेपटाला हात लावून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ‘शेपूट बाहेर!’ मग तुम्ही त्याचं. हा मामांचा नियम. मामा म्हणजे आमचे मालक – सगळ्यांचे मामा, भाचा कुणीच नाही. नवीन लोक या नियमाला हसतात. मीही हसलो होतो.

मंगळवारी सकाळी खंड्याने हात पुढे केला. मी म्हणालो, ‘हात लावू नकोस. मला येतं.’ कारण आदल्या संध्याकाळी, तलावाच्या मध्यावर, वल्ही मांडीवर ठेवून मी तिला विचारलं होतं. आणि ती हसली होती. वाईट हसली नव्हती, पण हसली. ‘अरे, तू आधी स्वतःचं काय ते ठरव. आज हे, उद्या ते. मी तुझं तिसरं कॉलेज होणार नाही.’

म्हणून डोक्यात राख घालून निघालो. वाऱ्यात आडवा गेलो. उलटलो. एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं कुणालाच नाही. शेपूट सापडलं नाही तर होडीच्या तळावर तीन थापा मारायच्या असतात. दणादणा. मग दोन्ही हात बाहेर काढून पुढे-मागे फिरवत राहायचं. जोडीदार आपल्या होडीचं टोक हाताशी आणतो, ते धरून वर यायचं. हे सगळं मला तिथे, उलटं लटकताना, स्वच्छ आठवत होतं.

मी थापा मारल्या नाहीत.

मारल्या असत्या तर ती आली असती. म्हणूनच मारल्या नाहीत! काल नाही म्हणालेल्या मुलीला आज हाक मारू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर भिजूनही गेला नाही.

९ मार्च, रविवार

शेडवर गेलो. मामा जाकिटं वाळत घालत होते. वर न बघता म्हणाले, ‘शिकवायचं असेल तर एकदा उलटून दाखव. कंबरभर पाण्यात. झगा लावून. शेपूट ओढायचं नाही. थापा मारायच्या आणि वाट बघायची.’

‘कुणाची?’

‘कुणाची म्हणजे? जोडीदाराची.’ त्यांनी खंड्याकडे बघितलं.

ती काठावर, कोरड्या बुटांत, गिऱ्हाइकांना जाकिटांचे पट्टे आवळून देत होती. तिचं काम नाही ते. म्हणाली, ‘मी नाही, मामा. दुसरं कुणी घ्या.’

सगळ्यांसमोर!

हातातलं वल्हं दगडावर आपटलं. पातं तडकलं. मामा एवढंच म्हणाले, ‘वल्ह्याने काय घोडं मारलं होतं?’

१० मार्च

‘मी नाही.’ दोन शब्द. दिवसभर तेच.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी शेड रिकामी असते. कोपऱ्यातली जुनी लाल कयाक घेतली, फरशीवर ठेवली, आत बसलो. झगा लावला. शेपूट बाहेर – तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघितलं. कड बसल्याचा आवाज झाला आणि छातीवर कुणीतरी बसलं. कोरड्या फरशीवर! शेपूट असं ओढलं की होडीसकट आडवा झालो.

मामा दारात. ‘जमिनीवर बुडणारा तू पहिलाच.’ मी हसलो नाही, तेही नाही हसले. मग माझ्याजवळ उकिडवे बसले. ‘तुम्हा दोघांना झालंय काय? तीही होडीला हात लावत नाही.’

‘तिचं मला काय सांगता!’ केवढ्याने ओरडलो. शेडमध्ये घुमलं.

आईचा फोन. ‘ये घरी. तुझी खोली तशीच आहे.’ खोली तशी असेल. मी नाही ना.

१५ मार्च

तेलही गेलं, तूपही गेलं. मामांना सांगितलं, जमणार नाही. त्यांनी शेडची किल्ली मागितली नाही. ते जास्त लागलं. बॅग भरली. उद्या दुपारची गाडी. झगा भरला नाही. तो इथे दारामागे खिळ्याला लटकतोय – सुकलेला, कडक. माझ्यासारखाच निरुपयोगी.

१६ मार्च, रविवार

ताई-भावजी बाहेर गेलेत. दारावर थापा. उघडलं नाही. तीन. थांबल्या. पुन्हा तीन.

‘उघडू नकोस हवं तर,’ खंड्याचा आवाज. ‘नुसतं ऐक. डोळे मिटले की तुझी होडी दिसते. तळ वर. मी टोक वळवून शेजारी थांबलेय, तू वाजवशील म्हणून. तू वाजवतच नाहीस. मला वाटलं, गेलास. खूप उशिरा हात घातला रे मी. आता काठापर्यंत जाते आणि मागे फिरते. कुणाच्या शेपटाला हात लावायचा धीर होत नाही.’

मग पायरीवर बसल्याचा आवाज. रडतेय.

थापा उलटलेल्याने मारायच्या असतात. ऐकणाऱ्याने फक्त जायचं असतं.

बॅग राहू दे. झगा खिळ्यावरून काढला. निघालो – दार उघडतोय, तिला घेऊन तलावावर जायचंय.