हत्तीची माणसं

प्रिय बोन्तले,

पाण्याचा टँकर उद्या सकाळी गावाकडे परत जाणार आहे, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतो आहे. इथे गुरांच्या वाड्यावर फोन लागतो तो एकाच वारुळावर चढून, आणि तिथे तोल सांभाळत बोलायचं, तर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. तुझं म्हणणं मला पाठ झालंय. 'दादा, मासेगोचं लग्न तू मोडलंस. पोरगी आठ दिवस धड जेवत नाही. कारण तरी नीट सांग.' सांगतो. ओटेंगची माणसं येत्या शनिवारी पहाटे आपल्या दारात मागणी घालायला येणार होती. येऊ नका, असा निरोप मी धाडला. मुलीचा मामा नाही म्हणाला की विषय संपला, ही आपल्यातली रीत आहे आणि ती काही मी काढलेली नाही. आपली आई गेल्यापासून तुझ्या मासेगोच्या बऱ्यावाइटाचा शब्द माझा आहे, हे तूच चारचौघांत सांगत आलीस.

तर कारणं. हा माणूस करतो काय? बालवाडीत शिकवतो. सहा फुटांचा बाप्या दिवसभर टाळ्या वाजवून गाणी म्हणतो आणि दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसतो. त्याला शेळी धरायला सांग, तो तिची परवानगी मागेल. बियर पीत नाही, आल्याचं सरबत पितो. गाडीत सारखं, 'मामा, काच खाली केली तर चालेल का? मामा, इथे थांबलो तर चालेल का?' अरे, गाडी तू चालवतोयस, मला काय विचारतोस? आणि ही सहलीची कल्पनासुद्धा त्याचीच. लग्नाआधी दोन्ही घरं चार दिवस एकत्र हिंडली की ओळख होते म्हणे. आपल्याकडे ओळख होते ती सरपण तोडताना, नाहीतर मयताला. पण त्याने मोठी जीप भाड्याने आणली, टपावर तंबू असलेली, आणि तीत आम्ही चौघं बसलो. पुढे तो आणि मी, मागे मासेगो आणि त्याची आत्या मा-कोपानो. तुझा गुडघा दुखतो म्हणून तू सुटलीस.

आपल्या महालाप्येपासून पार उत्तरेच्या कासानेपर्यंतचा रस्ता मला आता शिक्षा वाटतो. एवढ्या रस्त्यात तो सतरा वेळा थांबला. एकदा एक कासव रस्ता ओलांडत होतं, तर हा गाडीतून उतरून मागच्या ट्रकला हात दाखवत उभा! ट्रकवाल्याने त्याच्या आईचा उद्धार केला, याने त्याला हसून नमस्कार केला. पाखरू दिसलं की वहीत नाव लिहायचं. बहात्तर पाखरं लिहिली त्याने, आणि त्यातलं एकही कधी खाल्लेलं नाही. आपलं देवक हत्ती, त्यांचं माकड, त्यावरून मी त्याला वाटेतलं नाटा गाव येईपर्यंत सोडलं नाही. रस्त्याकडेला माकडं दिसली की म्हणायचो, 'ओटेंग, हॉर्न दे रे, तुझे काका उभे आहेत.' तो हसायचा आणि खरंच हॉर्न द्यायचा. अपमानसुद्धा कळत नाही असल्या माणसाला! मा-कोपानोला मात्र कळत होता. ती मागून म्हणाली, 'हसा मामा, हसा. आमचं देवक रोज छपरावर तरी दिसतं. तुम्ही तुमचं शेवटचं कधी पाहिलंत?' मी म्हणालो, 'आमच्यात ओळख दाखवायला तोंड बघावं लागत नाही. हत्तीच्या माणसासमोर हत्ती वाट सोडतो, नाव घेतलं की बाजूला होतो.' मासेगो म्हणाली, 'मामा लहानपणापासून हेच सांगतो.' खरं आहे, हेच सांगत आलोय. चावडीवरही सांगतो.

कासानेला नदीकाठच्या तळावर उतरलो. टपावरच्या तंबूत शिडीने चढायचं. माणसं वर आणि रानडुकरं खाली, असला उफराटा कारभार. मी म्हटलं मी कोंबडी नाही, आणि पुढच्या सीटवर झोपलो. दुसऱ्या दिवशी अभयारण्यात नेलं. फाटकापाशी खाकी कपड्यांतल्या गोऱ्यांची रांग, प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, आणि त्यांच्यात आपली मासेगो आणि हा तिचा बालवाडीवाला, त्याच्याही गळ्यात दुर्बीण. चार तास धूळ खाऊन काय पाहिलं, तर एका झुडपाखाली सिंहाची शेपटी. शेपटी हलली की सगळे 'अहाहा' म्हणायचे. आपल्या वाड्यावर सिंह आला तर आपण डबे बडवून हाकलतो, आणि इथे त्याच्या शेपटीसाठी माणसं फाटकात नाव नोंदवून आत जातात. हत्तीही होते म्हणे, पण पार नदीच्या पलीकडे. मला ते करड्या ठिपक्यांएवढे दिसले, आणि मी मान हलवून 'हां, आपलेच' एवढं म्हणालो. ओटेंगने मला दुर्बीण पुढे केली. मी घेतली नाही.

स्वयंपाक तोच करायचा. दोन बायका बसलेल्या आणि हा कांदा चिरतोय, ज्वारीची पेज ढवळतोय. मा-कोपानोच्या चेहऱ्यावर काय अभिमान! मासेगो त्याच्याकडे बघत होती ती तू बघायला हवी होतीस. मला ते बघवेना. आपला बाप कधी चुलीपाशी गेला नाही, मीही गेलो नाही. भांड्यात पळी फिरवणारा माणूस उद्या पोरीच्या पाठीशी कसा उभा राहील, हे मी तेव्हाच मनात धरलं.

आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोष्ट झाली, जी मी सगळ्यांना सांगितली आहे. आम्ही दोघंच गाडी घेऊन पावाला निघालो होतो. रस्त्यात हत्ती आला आणि पोरगा मला सोडून झाडीत पळाला. मी एकट्याने गाडी परत आणली. बस्. जो एका जनावरापुढे टिकला नाही त्याच्या हाती मी भाची देणार नाही. यात न समजण्यासारखं काय आहे? तरी तू मंगळवारी फोनवर विचारलंस, 'दादा, तो जर झाडीत पळाला, तर तुझी टोपी घेऊन परत कसा आला?' आणि तेवढ्यात लाइन गेली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही परत निघालो, कारण कुणाला सहलीत रस उरला नव्हता. डुक्वीला गुरांच्या रोगाचं फाटक लागतं, तिथे औषधात भिजवलेल्या गोणपाटावर बूट पुसायचे आणि उत्तरेकडून कच्चं मांस आणलं असेल तर द्यायचं. मी कासानेत गाईचं चांगलं दोन किलो घेतलं होतं, तुझ्यासाठी, आणि टॉवेलात गुंडाळून सीटखाली सारलं होतं. शिपायाने खिडकीतून विचारलं, 'मांस वगैरे काही?' मी म्हटलं, 'काही नाही बाबा, म्हाताऱ्याकडे कुठलं मांस?' शिपाई ओटेंगकडे वळला. हा बापडा चुळबुळला, घाम फुटला त्याला, आणि म्हणाला, 'सीटखाली आहे साहेब. मामांच्या लक्षात राहिलं नसेल.' गेलं मांस! शिपायाने माझ्यादेखत त्यावर जंतुनाशक ओतलं. मी त्याला हवं तसं बोललो. खोटं बोलता येत नाही असला जावई काय कामाचा, असंही बोललो. तो 'चुकलं मामा' म्हणाला आणि गाडी चालू केली.

बोन्तले, 'खोटं बोलता येत नाही' हे माझंच वाक्य आठ दिवस माझी पाठ सोडत नाही. दोन किलो मांसासाठी ज्याला खोटं बोलता आलं नाही, तो माझ्यासाठी गप्प राहिला होता.

मंगळवारी लाइन गेली नव्हती. मीच फोन बंद केला. आणि आणखी एक गोष्ट ऐक, जी मी बासष्ट वर्षांत कुणाला सांगितली नाही. मी हत्ती जवळून कधी पाहिलाच नव्हता. आपल्याकडे हत्ती आहेत कुठे? बाप सांगायचा ते मी ऐकलं, आणि मी सांगितलं ते गावाने ऐकलं, एवढंच माझं हत्तीशी नातं. त्या दिवशी सकाळी वळणावर तो उभा दिसला, एकटा नर, रस्त्याच्या मधोमध, शेवरीचं झाड उपटत. ओटेंगने गाडी लांबच थांबवली आणि म्हणाला, 'मामा, याच्या कानशिलातून पाणी वाहतंय. हा माजावर आहे. आपण थोडं मागे जाऊ या.' मागे! माकडाच्या माणसाने हत्तीच्या माणसाला मागे जायला सांगायचं? मी दार उघडलं. त्याने माझी बाही धरली, 'मामा, उतरू नका, पाया पडतो.' मी हात झटकला. टोपी काढून हातात घेतली, रीतीप्रमाणे, आणि चालत गेलो, आणि आपल्या देवकाची स्तुती म्हणायला लागलो. बापाने शिकवलेली, मी तुझ्या पोरांना शिकवलेली. पहिली ओळ म्हटली. हत्तीने कान पसरले. तो किती मोठा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी ओळ आठवेना. अजूनही आठवत नाही. तो एक पाऊल पुढे आला, आणि माझी विजार ओली झाली. टोपी हातातून पडली. मागे गाडीचं दार वाजलं आणि ओटेंगचा आवाज आला, अगदी हळू, त्याच्या वर्गातल्या पोरांशी बोलत असेल तसा, 'मामा, पळू नका. माझ्याकडे बघा. मी येतोय. मागे मागे या.' तो माझ्या दिशेने चालत येत होता. मी पळालो. त्याला धक्का मारून, त्याच्या बाजूने.

तळावर आल्यावर मी विजार बदलली आणि मग बायकांना ती कथा सांगितली. मासेगो किंचाळली. मा-कोपानो सरळ रस्त्याकडे चालायला लागली. अर्ध्या तासाने ती त्याला घेऊन आली. त्याच्या एका पायात बूट नव्हता आणि हातात माझी टोपी होती, भाकरीसारखी चपटी झालेली, तिच्यावर हत्तीचा पाय पडलेला. मासेगो धावत गेली आणि म्हणाली, 'तू मामाला सोडून पळालास?' त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलला तर मी काय म्हणणार तेही मी ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, 'मामा म्हणतात तसंच असेल.' मग मला टोपी दिली आणि हात धुवायला गेला. मासेगोने टोपी पाहिली, मला पाहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तुला हे ठाऊक असणार. आपल्यात भावी जावयाने मामाला खोटं पाडायचं नसतं, म्हणून तो गप्प बसला, असं मी स्वतःला आठ दिवस समजावतो आहे. तेवढ्याने तो गप्प बसला नसता.

आता उरलेलं लिहितो. त्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळी टाळाटाळ होती. गाडी चालू होती. मी तिच्यात चढलो तो त्याच्या जागेवर, आणि गाडी वळवून निघालो. तो रस्त्यात उभा होता, पाठ माझ्याकडे, तोंड हत्तीकडे, आणि हत्तीच्या नि माझ्यामध्ये तो एकटाच होता. मी आरशात पाहिलं नाही. तळापर्यंत पाहिलं नाही. 'पोरगा पळाला' असं मी बायकांना सांगितलं तेव्हा तो जिवंत आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं, आणि बोन्तले, तो परत येऊ नये असं एक क्षण मला वाटलं. चावडीवर मी वीस वर्षं खोट्या माणसांना उभं करून त्यांची लाज काढली, माझ्यासारख्या माणसाला मी गावाबाहेर घालवलं असतं. ओटेंगच्या माणसांना तू आजच निरोप पाठव, शनिवारी या म्हणावं. मामाच्या खुर्चीवर आपल्या धाकट्या भावाला बसव. मी शुक्रवारी टँकरच्या पुढच्या खेपेला येतो, आणि दोन्हीकडची माणसं बसली की उभा राहून हे सगळं सांगतो, मग हा मुलगा आपल्याला देतात की नाही ते त्यांनी ठरवावं. पण माझा मला भरवसा राहिलेला नाही. माणसं समोर दिसली की माझी जीभ पुन्हा शेखी मिरवायला लागेल. तसं झालं, तर हा कागद काढ आणि ओटेंगसमोर मोठ्याने वाच. विजारीचंही वाच. मी हात जोडले तरी थांबू नकोस.

तुझाच दादा,
दितिरो