आमच्या सरांना दाखवून सांगतो

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा दंडवत. मामीच्या फोनवरून कळलं की तुमचा गुडघा आता जिना चढू देतो आणि नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण आहे. गुडघ्याबद्दल आनंद झाला. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं मामी म्हणेल. पण समोरासमोर माझं वाक्य तुम्ही कधी पुरं होऊ देत नाही. कागद बिचारा अडवत नाही.

गेल्या खेपेस तुम्ही विचारलंत, 'तुझं नेमकं काम काय रे?' कोणत्याही दुकानाचं, कारखान्याचं एक बोधचिन्ह काढायचं (गिऱ्हाईक त्याला 'लोगो' म्हणतं, गिऱ्हाइकाचा मेहुणा 'ते चित्र' म्हणतो) आणि मग तो जीव पाटी, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, पिशवी अशा सर्व योनींतून फिरवायचा. सध्या एका रुग्णालयाचं काम हाती आहे. चिन्हापासून औषधांच्या पाकिटापर्यंत सगळं. चिन्ह म्हणजे दोनच रेघांतलं किलकिलं दार. फाटकापासून रक्ततपासणीच्या खोलीपर्यंत मी अकरा वेळा चालून पाहिलं, कुठल्या वळणावर म्हातारी माणसं चुकतात ते टिपलं, आणि मग पाट्या केल्या. वीस वर्षांत एवढ्या मायेनं दुसरं काही केलेलं नाही. उद्या, गुरुवारी, ते तरेल किंवा बुडेल.

आता अडचण ऐका. न्यायशास्त्राने प्रमाणं चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे जाणत्या माणसाचं सांगणं. आमच्या गिऱ्हाइकांना पहिली तीन वर्ज्य. चित्र समोर असतं, आवडलेलंही असतं, तरी म्हणतात, 'झकास झालंय हो! एकदा आमच्या सरांना दाखवून सांगतो.' हे सर म्हणजे चित्रकलेचे कोणी निवृत्त मास्तर, ज्यांच्या हाताखालून निम्मा गाव गेला, एवढंच मला ठाऊक (असं समजा).

चष्म्याच्या दुकानदाराला मी दोन वर्तुळं आणि एक रेघ दिली. कागद परत आला तेव्हा कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: 'दहापैकी साडेपाच. डोळे सजीव नाहीत.' वर्तुळांना पापण्या फुटल्या होत्या. त्या आता सहा फुटी पाटीवर आहेत आणि दुकानात रोज दोन-तीन बायका भुवया कोरून घ्यायला येतात. गाद्यांच्या कारखानदाराला एक निवांत निजलेली आकृती दिली. शेरा: 'सहा. छाया कोठे?' छाया भरली. गादीच्या लेबलावर ती इतकी बारीक छापली गेली की निजलेला गृहस्थ आता कायमचा निजल्यासारखा दिसतो. कारखानदार मला म्हणाला, 'सर म्हणाले म्हणजे असणारच काहीतरी.' काहीतरी आहेच. गिऱ्हाईक लेबल बघतं आणि चटई घेऊन जातं.

गाडी शिकवणाऱ्या बाईंना नुसता एक बाण दिला होता. 'पाच. पार्श्वभूमी रिकामी.' मग पार्श्वभूमीला दोन डोंगर, मध्ये सूर्य आणि वर चार पक्षी आले. बाण त्या डोंगरांच्या अगदी कड्यावर येऊन थांबलाय. शिकाऊ गाडीसाठी याहून प्रामाणिक जाहिरात मला सुचली नसती, हे कबूल करतो.

तर असं चाललं आहे. सरांबद्दल मनात आदरच आहे. एवढ्या वयात, कोणी बोलावलेलं नसताना, दुसऱ्याचं काम सुधारायची ही उमेद आजकाल दुर्मीळ. मामीस नमस्कार, गुडघ्यास आराम.

आपला (इलाज नाही म्हणून) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. अक्षर कोणाचं ते पहिल्याच कोपऱ्यावरून कळलं होतं. माझ्या पाचवीच्या चित्रकलेच्या वहीत तेच आहे, तीन गुणांशेजारी. उद्या रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाई लिफाफा घेऊन तुमच्याकडे येतील. चष्मा हरवलाय म्हणा, मोतीबिंदू म्हणा, मौन धरलंय म्हणा, पण पेन्सिल हातात घेऊ नका. माझ्या दारामागे डोंगर नको, मामा. हात जोडतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाई स्वतः दारात. उद्या तुम्ही गुडघा दाखवायला जाणार म्हणून त्या आजच तुमच्याकडे जाऊन आल्या. म्हणाल्या, 'सरांनी सगळे कागद पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, छापा.'

'आणखी काय म्हणाले?'

'काही नाही. चहा घेऊन जा म्हणाले.'

चारही कोपरे तपासले. कोरे. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. बाई खुशीत गेल्या. मी मात्र तेव्हापासून ते दार बघत बसलो आहे. डावी रेघ किंचित जाड झाली का? फट जरा जास्त वाटते का? छापखान्याला तूर्त थांबा म्हणून कळवलंय. चूक काय आहे ती याच पत्राच्या पाठीवर लिहून आजच्या आज पाठवा.