प्रथम मार्गदर्शक, अठरा इंच

कोल्हापूर,
सोमवार

ती. अक्कास,

धाकट्या बाळासोचा सविनय जयभीम. दाजींनाही सांगावा.

आम्ही इकडे बरे आहोत. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी साखर किती आहे? (मागच्या वेळी तू 'हाय तेवढीच हाय' असं उत्तर दिलं होतंस. मला आकडा हवा आहे.) हातात फोन असताना पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस, शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत असतात, आणि मला ओरडून बोलावं लागतं. जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. अक्का, मला तुझ्या लेकीचा हेवा वाटतो. सख्ख्या भाचीचा हेवा करणारा मामा मी आरशाखेरीज कुठे पाहिलेला नाही.

संघप्रिया शुक्रवारी पोलंडहून तुमच्याकडे इचलकरंजीला पोचेल आणि रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत तिचा सत्कार आहे, हे तुला ठाऊकच आहे. पाचवी ते दहावी ती आमच्या घरी राहून शिकली, इथल्या शाळेच्या संघातून खेळू लागली, म्हणून तिच्यावर पहिला हक्क मंडळाचा, असं अध्यक्ष पिराजी यांचं म्हणणं आहे. तिथल्या क्लबने तिला करार करून नेलं हे कळल्यापासून गल्लीला एकच प्रश्न पडलाय, की ती पोलंडात कुठल्या तालमीकडून खेळते. तालमी-तालमींच्या फुटबॉल संघांच्या या गावात मी बास्केटबॉल समजावत फिरतोय. शेजारच्या धोंडुबाईंना मात्र पोलंड लगेच कळला. "पोलंडची मान्सं व्हय? म्हायुद्धाच्या टायमाला वळिवड्याच्या छावणीत हुती की! माझी आई दूध घालायची त्यास्नी. पोरीला म्हणावं, वळख सांग."

हेवा तसा जुना आहे. १९९६ पासूनच्या रोजनिशा शेजारी घेऊन बसलोय, म्हणजे अंदाजाने काही लिहायला नको. ती पाचवीत शाळेच्या संघात गेली त्या दिवशी मी लिहिलंय, 'चांगलं झालं, घरात उड्या मारणार नाही.' जिल्ह्याच्या संघात निवड झाली, 'आनंद झाला.' दहावीनंतर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली, 'फार आनंद झाला.' मग राज्याचा संघ, मग देशाच्या संघाचं शिबिर. तिथे 'अतिशय आनंद झाला' असं आहे आणि खाली दोन रेघा आहेत. अक्का, ज्या वाक्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही त्याखाली मी दोन रेघा मारतो. ती आठवीत माझ्याएवढी झाली, तेव्हा आम्ही दाराच्या चौकटीवर दोघांच्या खुणा केल्या होत्या. त्या वेळी मी टाचा थोड्या उचलल्या होत्या. ही नोंद राहून गेली होती, ती आज केली.

कारण मीही खेळलो आहे. १९९९ साली आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात मी बारावा खेळाडू होतो आणि चाळीस सेकंद मैदानावर होतो. (रोजनिशीत 'सुमारे एक मिनिट' आहे. पण चाळीस.) तेवढ्यात बॉल एकदा माझ्याकडे आला आणि घाईघाईत मी तो पंचांकडे फेकला. आम्ही उपविजेते ठरलो, आठवण म्हणून त्या बॉलवर बाराही जणांनी सह्या केल्या आणि चिठ्ठी टाकल्यावर तो मला मिळाला. तुझी लेक तिकडे एका सामन्यात तीस-तीस मिनिटं खेळते. मी मोबाइलवर बघतो. तिचा बॉल रिंगच्या कडेला लागून बाहेर आला की माझ्या आत कुठेतरी गार वाटतं. मग लाज वाटते. मग ती पुढचा बॉल टाकते, तो बरोबर जाळीत जातो, लाज जाते आणि हेवा परत येऊन बसतो. असं चारही क्वार्टर चालतं. ही (म्हणजे तुझी वहिनी) शेजारी बसून टाळ्या वाजवते, मीही वाजवतो. आवाज सारखाच येतो.

आता खरा घोटाळा सांगतो. चौकात लावायच्या डिजिटल फ्लेक्स बोर्डासाठी पिराजी घरी आला आणि म्हणाला, "मामा, पोरीच्या हातात पैला बॉल कुणी दिला?" मी म्हणालो, "बॉल घरात होताच." हे वाक्य अक्षरशः खरं आहे. कागलच्या एमआयडीसीत मी बावीस वर्षं तपासणी विभागात आहे, खोटं माप कधी लिहिलेलं नाही. पण पिराजीला त्यातून हवं तेच ऐकू आलं. "म्हंजे पैलं मार्गदर्शक तुमीच की!" मी नको म्हणालो. एकदा. खालच्या आवाजात.

शनिवारी बोर्ड आला. संघप्रिया उंच उडी मारते आहे आणि तिच्या पायाशी फुटबॉल आहे. मी चूक दाखवली, तर पिराजी म्हणाला, "मामा, कोल्लापुरात बॉल म्हंजी बॉल." बाजूला गोलात मी, आणि खाली 'प्रथम मार्गदर्शक मा. बाळासो (मामा)'. बोर्ड बांधण्याआधी जमिनीवर ठेवला होता, म्हणून सवयीने टेप लावला. ती नखशिखान्त दिसत असल्यामुळे तिचा चेहरा अकरा इंच भरला. माझा अठरा. फुटबॉलबद्दल मी आणखी दोनदा हरकत घेतली, अठराबद्दल काही बोललो नाही. कालपासून कुठेही जाताना चौकातूनच जातो. तो रस्ता लांबचा आहे.

रविवारी आधी माझं भाषण आहे आणि मग तिचं. भाषणात नेमकी तारीख असावी म्हणून २०१० ची रोजनिशी काढली, तर १८ जूनला माझ्याच अक्षरात, 'संघप्रियाने बॉल मागितला. दिला नाही. सह्या पुसतील. रडली. पेटीत ठेवून कुलूप लावले.' २ जुलैला, 'पुन्हा मागितला. शाळेत आहे त्याच्याशी खेळ म्हणालो.' म्हणजे घरचा बॉल मिळेना म्हणून पोरगी शाळेच्या संघात गेली. यालाही एक प्रकारचं मार्गदर्शन म्हणता येईल का, यावर मी काल तीन पानं लिहिली. म्हणता येत नाही.

असो. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जप, दाजींना जिन्याचा हट्ट करू देऊ नकोस आणि हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

तुझा धाकटा,
बाळासो

ता. क. संघप्रिया घरी आली की तिला सहज, भाकरी वाढताना वगैरे, विचार की भाषणात ती जुन्या बॉलचा विषय काढणार आहे का. माझं नाव घेऊ नकोस. काय म्हणाली ते कळव. तिला आठवत नसेल तर आठवण करून देऊ नकोस. केवळ एवढ्यासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. (मुख्यतः एवढ्यासाठीच लिहिलं.)

आणखी ता. क., मंगळवार. पाकीट पोस्टात टाकायचं राहिलं ते बरं झालं. तो बॉल सत्कारात तिला देऊन टाकावा असं सकाळी ठरवलं (पंधरा वर्षं उशिरा, पण लोकांसमोर) आणि पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. बॉल मात्र झिजून गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखा. वरचे दाणे हाताला लागतच नाहीत. बारांपैकी एकही सही शिल्लक नाही, हवा भरायच्या भोकाजवळ नुसता 'बा' उरलाय. तो माझा. अक्का, या बॉलने मी चाळीस सेकंद खेळलो आहे.

आणखी एक. हिला विचारलं. चपाती लाटता लाटता म्हणाली, "किल्ली मी द्यायची की. तुमची बस साडेसहाला यायची. साडेचारला पोरगी बॉल घिऊन शाळंच्या रिंगावर, सव्वासहाला बॉल पुसून पेटीत. ल्हान हुती तवा मीच हुबी ऱ्हायची, बॉल माघारी फेकायला." सहा वर्षं! मला का सांगितलं नाही, असं विचारलं, तर म्हणते, "तुमी लिवून ठिवलं असतं."

शेवटचं. वरचं सगळं रद्द समज. संघप्रियाला काही विचारू नकोस, रविवारी भाषणात मीच सांगतो. पिराजीला आत्ताच फोन करून बोर्डावर माझ्या जागी हिचा, म्हणजे तुझ्या वहिनीचा, प्रियदर्शनीचा फोटो घालायला सांगितलं. तो म्हणाला, "मामींचा बी अठराच घालू की." मी अजून हो म्हणालेलो नाही. तुझं मत कळव. हिचा चेहरा मुळात लहान आहे, बारा इंच पुरतील असं मला वाटतं.